ढिगावरचा कोट

दारव्ह्याच्या बाजारात भाजीच्या रांगा संपल्या, की पुढे ताडपत्र्यांवर जुन्या कपड्यांचे ढीग लागतात. त्या ढिगांशी माझा संबंध जवळजवळ लग्नाइतकाच जुना आहे, आणि खरं सांगायचं तर लग्नापेक्षा जरा जास्त मजेचा. नवरा एकदाच मिळाला, तोही दुसऱ्यांनी निवडून दिलेला. ढिगावर मात्र दर आठवड्याला स्वतःच्या हातानं उपसायला मिळतं, आणि नाही आवडलं तर परत टाकता येतं.

नागपूरला शिकणारी माझी नात या असल्या खरेदीला काहीतरी इंग्रजी नाव देते. फोनवर फोटो पाहते आणि कोणाच्या तरी अंगावरून उतरलेले कपडे घरपोच मागवते. मी तिला म्हटलं, बाई, फोटोला वास येतो का? काखेतली शिवण फोटोत दिसते का? ती म्हणाली, आजी, आता तसं कोणी पाहत नाही. मग काय पाहतात, कोणास ठाऊक.

मला ढिगाची दीक्षा दिली ती मोठ्या जाऊबाईंनी. शेतात कापूस वेचायला जाताना लुगड्यावर पुरुषी फुलबाह्यांचा शर्ट घालावा लागतो, नाहीतर हातांची चाळणी होते. ते शर्ट कोणी नवे थोडेच घेतं? तर लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्या मला शर्ट घ्यायला घेऊन गेल्या. माझं माहेर मारेगाव. म्हणजे तालुक्याचं गाव, आणि त्यामुळे मी स्वतःला मुंबईची समजत असे. ढिगापाशी मी नाकाला पदर लावून, दोन बोटांच्या चिमटीत एक बाही धरून उभी राहिले. जणू मेलेला उंदीर उचलते आहे. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कोपरापर्यंत हात ढिगात घातला आणि म्हणाल्या, "पहिले काख पाहाची, मंग कॉलर, मंग खिसा उलटा कराचा. नाक झाकून काय कळते तुले?"

दोन महिन्यांत मी अशी तरबेज झाले, की जाऊबाईंनाच मागे सारून पुढे घुसू लागले. आणि माणूस तरबेज झाला, की आपटतोच. एका बाजाराला गठ्ठा नुकताच फोडलेला होता. त्यातून मला एक गुलाबी कोट मिळाला. घोट्यापर्यंत लांब, आत मऊ मऊ कापूस भरलेला, वर चौकोनी टिपा, कमरेला त्याच कापडाचा पट्टा. बाहेरदेशातला असणार हे तर दिसतच होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तो साडीवर चढवला, पट्ट्याची छान गाठ मारली आणि गावभर फिरले. बायका बाहीला हात लावून पाहायच्या. मी मान अशी ताठ ठेवली होती, की दोन दिवस दुखली. कोणी विचारलं तर बेलाशक सांगायची, पुण्याहून मागवला म्हणून.

पुढे बऱ्याच वर्षांनी घरात टीव्ही आला. एका रात्री त्यावर एक गोरी बाई ओल्या केसांनी न्हाणीघरातून बाहेर आली, आणि तिच्या अंगात माझा कोट. तसाच गुलाबी, तशीच गाठ. मी उठून टीव्ही बंद केला. मुलगा ओरडला, आई, काहून बंद केला? काय सांगू त्याला? गावातल्या निम्म्या सवाष्णींनी मला आंघोळीच्या कपड्यात हळदकुंकू लावलं होतं.

ढिगाचे असे फटके मी पुष्कळ खाल्ले आहेत. एक लोकरी ब्लँकेट आणलं, तर सगळ्या घराला खाज सुटली आणि आठवडाभर कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळी चालल्या. एकदा आमच्या यांच्यासाठी चामड्याचे फारच झ्याक बूट आणले. घरी आल्यावर कळलं, दोन्ही डाव्या पायाचे. यांनी ते बूट समोर ठेवले आणि शांतपणे म्हणाले, "दोन्ही पाय एकाच बाजूले वळवू काय व?"

त्या दिवसापासून यांनी ढिगाचं नाव टाकलं. दुसऱ्याच्या अंगावरचं आपल्या अंगावर घालायचं नाही, हा यांचा कायदा झाला. आयुष्यभर पाळला. मीही यांच्यापुरता नाद सोडला. माझ्यासाठी, लेकरांसाठी आणत राहिले, यांच्यासाठी नाही.

यंदाच्या हिवाळ्यात मात्र वेगळाच पेच पडला. यांचा उजवा हात थरथरू लागला आहे. यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थोडा फरक पडला, पण हात काही गप्प बसत नाही. हे रोज सकाळी चौकातल्या हॉटेलात चहाला जात. तिथे चार म्हातारे जमतात, कापसाच्या भावाला शिव्या घालतात आणि घरी येतात. दिवाळीनंतर एक दिवस यांच्या हातून बशी कलंडली आणि सगळा चहा शेजारी बसलेल्या दोस्ताच्या धोतरावर गेला. लोक हसले. वाईट मनानं नाही हसले, पण हसले. दुसऱ्या दिवसापासून यांनी हॉटेलात जाणं बंद केलं. विचारलं तर म्हणायचे, थंडी लय आहे. दुपारी बारा वाजता उन्हात बसूनही थंडी लय आहे.

ज्या माणसाचा आवाज चौकापासून घरापर्यंत ऐकू यायचा, तो दिवसभर भिंतीकडे पाहत बसू लागला. सून म्हणाली, आई, बाबा असेच बसले तर खाटेलाच लागतील. मलाही तीच भीती होती. समजावून उपयोग नव्हता. मग मी ठरवलं, थंडी म्हणतात ना, तर आपण थंडीचाच बंदोबस्त करू. मग बघू पुढे काय कारण काढतात ते.

बाजाराच्या दिवशी सुनेला घेऊन काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेतलं आणि दारव्हा गाठलं. ढिगापाशी उभं राहायची सुनेला लाज वाटते. ती लगेच कोथिंबीर घ्यायला पसार झाली. मी पदर खोचला आणि आत घुसले. तासाभरात दोन कोट बाजूला काढले. एक करडा, यांच्या मापाचा, अगदी नव्यासारखा. दुसरा चहाच्या रंगाचा, ढगळ, लांब बाह्यांचा, आणि खिसे असे खोल, की त्यात अख्खा हात कोपरापर्यंत जाईल. दुकानदार म्हणाला, मावशी, डोळे मिटून करडा घ्या. मी डोळे उघडे ठेवून दुसरा घेतला. करड्यावर चहाचा एक थेंबही दिसला असता.

घरी आणून गरम पाण्यात उकळून काढला, दोन दिवस उन्हात खाटेवर पसरला. सून इस्त्री करत होती. मध्येच थांबली आणि हळूच म्हणाली, "आई, हा बायकांचा आहे. बटनं पाहा कोणत्या बाजूला आहेत."

मी पाहिलं. बटनं डावीकडे. कमरही जरा आत घेतलेली. काख पाहिली, कॉलर पाहिली, खिसे उलटे केले, आणि बटनं पाहायची राहिली. एवढ्या वर्षांची पंडिता मी. न्हाणीघरातला कोट घालून मिरवणारी ती मारेगावची पोरगी अजून माझ्यात मजेत नांदते आहे, हे तेव्हा कळलं.

पण हसू फार टिकलं नाही. चौकात कोणाच्या लक्षात आलं, पुन्हा हसले, तर हा माणूस परत उंबरा ओलांडणार नाही. परत बाजारात जाऊन बदलून आणावा, तर पुढच्या बाजारापर्यंत आठवडा जाणार. सून म्हणाली, बाबांना सांगायचं का? मी म्हटलं, तू काही पाहिलं नाहीस, आणि मी तर चष्माच लावला नव्हता.

संध्याकाळी कोट यांच्यापुढे धरला. हातही लावला नाही. म्हणाले, ढिगावरचा आहे ना? मी हो म्हटलं. मग कायदा आठवला यांना. "कोण मेला असन, त्याचा कोट मी कायले घालू?"

मला एकदम राग आला. इतक्या दिवसांचा साठलेला होता.

"त्याचा कोट समुद्र ओलांडून दारव्ह्याले आला," मी म्हटलं. "तुम्ही जिते असून चौकापर्यंत नाही जाऊन राह्यले."

हे पाठ फिरवून जेवायला जाऊन बसले. मी कोट खुंटीला अडकवला आणि मनातल्या मनात स्वतःला चार शब्द सुनावले.

सकाळी अंगण झाडत होते तर हे कोट घालून बाहेर आले. उजवा हात खिशात घातला. गेला थेट कोपरापर्यंत. हात काढून पाहिला, परत घातला. मग अंगणात एक चक्कर मारली आणि माझ्याकडे न पाहता फाटकाबाहेर पडले.

मी तुरीची डाळ निवडायला घेतली. खडे सुपात आणि डाळ बाहेर टाकत होते, हे सुनेनं येऊन दाखवलं तेव्हा कळलं. नेहमीची यायची वेळ टळली. आणखी बराच वेळ गेला. सून म्हणाली, पाहून येऊ का? मी म्हटलं, नको, लोकांना वाटेल पहारा ठेवला आहे.

हे आले तेव्हा ऊन पार वर आलं होतं. खाटेवर बसले, पाणी मागितलं, आणि म्हणाले, "तुले माहीत होतं काय व, हा बायांचा कोट आहे म्हणून?"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. यांच्या मंडळीत एक जुना शिंपी आहे, त्याच्या नजरेतून बटनं सुटतात होय? त्यानं पाहताक्षणी सगळ्या हॉटेलाला सांगितलं. सगळे पोट धरून हसले.

"मंग तुम्ही काय म्हटलं?"

"म्हटलं, बुढीचाच आहे. थंडी होती म्हून उसना आणला. तिले परत करा लागते." आणि हे हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

मग तुकड्यातुकड्यांनी बाकीचं सांगितलं. ज्याच्या धोतरावर चहा सांडला होता, तोच शेजारी येऊन बसला. चहा आला तेव्हा त्यानं पोऱ्याला बजावलं, अर्धाच भर रे, वहिनीचा कोट खराब होईन. यांनी डाव्या हातानं अर्धा चहा प्यायला. मग त्यानं अजून अर्धा भरायला लावला. हाताचा विषय कोणीच काढला नाही. कोटालाच सगळ्यांचं तोंड पुरलं.

तेव्हापासून हे रोज जातात. मध्ये एकदा खरोखरच कडाक्याची थंडी पडली, तरी गेले.

परवाच्या बाजाराला मी पिशवी घेऊन निघाले, तर हे आधीच काळीपिवळीत बसलेले. त्या दोस्ताला म्हणे स्वेटर हवा आहे, आणि माझ्या निवडीवर यांचा भरवसा नाही. ढिगापाशी आले, धोतर सावरलं आणि सरळ वाकले. या माणसानं कधी ढिगाला बोट लावलं नव्हतं. एक निळा स्वेटर उपसला आणि दोन्ही हातांनी उजेडात धरला. स्वेटर थरथरायला लागला. मी पुढे होणार, तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "बाबा, किती झटकून राह्यले? धुतलेला माल आहे."

हे त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "तरी धूळ लय आहे," आणि बाही उलटी करून काख पाहू लागले.