नंबराला भाग जात नाही

…तर धाकटा शिडीवर चढला आणि खाली शिडी धरायला उभा मी, इथवर काल आलो होतो. धाकटा म्हणजे समोरच्या कुलपांच्या दुकानातला. दुकान दोघा भावांचं. थोरल्याला सगळी गल्ली किल्लीदादा म्हणते. हातानं कानस मारून ते किल्ली घडवतात आणि ती पहिल्या फटक्यात फिरते. धाकट्यानं हौसेनं किल्ल्या कापायचं मशीन आणलं. दादा म्हणाले, "हे आत येणार नाही." मशीन पायरीवर पोत्याखाली पडून राहिलं, आणि धाकटा पेटला. "मग वाटणी कर, दादा."

आता गंमत ऐका. दादांची लेक कॉलेजात गणित शिकते. तिनं जेवताना सहज सांगितलं होतं, की आपल्या दुकानाचा फोन नंबर, ७३९३९१३३, ही मूळ संख्या आहे. दादांना वाटलं, मूळ म्हणजे बाबांच्या वेळची.

"मूळ कसली? नंबर परवा घेतलाय," धाकटा म्हणाला.

"तसं नाही हो काका. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही."

दादांनी तेवढंच धरून ठेवलं. वाटणीचा विषय निघाला की म्हणायचे, "नंबराला भाग गेला की दुकानालाही जाईल."

झालं. धाकटा कॅल्क्युलेटर घेऊन बसला. बोटं दुखली, पण नंबर काही बधेना. मग म्हणाला, नंबरच छाटतो. म्हणून ती शिडी.

पाटीवरचा शेवटचा पितळी तीन त्यानं उपटला. "आता?"

"नाही जात, काका," खालून पुतणी.

त्याच्या आधीचा तीन उपटला. "आता?"

"अजून नाही."

एक गेला, नऊ गेला, प्रत्येक वेळी तेच उत्तर. शेवटी पाटीवर एकटा सात उरला, आणि साताचंही तेच. तेवढ्यात घराबाहेर अडकलेल्या एक बाई धावत आल्या. "तुमचा नंबर काय हो? यांना पाठवायचाय."

मी म्हटलं, "सध्या सात."

धाकट्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी शिडी आणखी घट्ट धरली. मग त्यानं मुकाट्यानं सगळे आकडे होते तसे ठोकले, आणि खिशातून जास्तीचा दोनचा आकडा काढून शेवटी लावला. "आता? दोनानं जातो की नाही? दोघा भावांना बरोब्बर."

पुतणीचा चेहरा उतरला. "जातो. दोनच कशाला, या नंबरापुढे कुठलाही आकडा लावा, भाग जातोच. काढून नाही जात, जोडून जातो."

धाकटा वरून दादांकडे बघत राहिला. जिंकला होता, पण त्याला हसू काही येईना. दादांनी कानस खाली ठेवली, चष्मा कपाळावर सारून पाटी वाचली, दुकानातल्या फोनकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "भाग गेला खरा, पण आता या नंबरावर फोन कुणाचा लागायचा? तो दोन काढ, आणि उतरलास की तुझं ते मशीन आत घे."