थोरलीचं इंग्रजी

रामरावांच्या थोरल्या मुलीला बघायला पाहुणे येणार असले, की तिच्या धाकट्या बहिणीला माझ्या घरी आणून बसवायचे. आम्ही शेजारी, मधे फक्त एक कुडाची भिंत. आष्टीत तेव्हा सगळ्याच घरांत ही रीत होती. थोरली खपेपर्यंत धाकटी पाहुण्यांच्या नजरेला पडू द्यायची नाही. त्यातून थोरली बेबीनंदा सावळी आणि धाकटी उषा गोरीपान. उषा माझ्या चुलीपुढे शेंगा फोडत बसायची, पलीकडे बेबी पाटावर बसून नाव, गाव, मामाचं गाव सांगायची. पाहुणे मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन, वर चहा पिऊन, कळवतो म्हणून उठायचे. कळवत कुणी नव्हतं.

सावळी हा माझा शब्द. गाव काळीच म्हणायचं, आणि तिच्या तोंडावर म्हणायचं.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा टेंभुर्णीचं स्थळ आलं. मुलगा शिवाजी, जालन्याला एका कचेरीत कारकून. मध्यस्थानं निरोप आणला, की त्याच्याकडे साहेबलोक बायकांना घेऊन चहाला येतात, तेव्हा मुलीला चार वाक्यं इंग्रजीत बोलता आली पाहिजेत. तेवढं असलं तर रंगाचं बघता येईल. बघता येईल एवढ्यावरच रामराव हुरळले. मुलगी सातवी पास होती, अक्षरं येत होती. बाकीचं मास्तर बघतील असं त्यांनी ठरवून टाकलं.

मास्तर म्हणजे बद्रीनाथ. शाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि शाळेबाहेर त्याचा तोरा मिरवायचे. बोलताना मधेच एखादं इंग्रजी वाक्य सोडायचं आणि समोरच्याला कळलं नाही, की खूश व्हायचं, असला माणूस. पण शिकवण्याची त्यांची एक हातोटी होती, ती नाकारून चालणार नाही. ते व्याकरणात शिरलेच नाहीत. म्हणाले, इंग्रजी म्हणजे त्यांच्या म्हणी आणि त्यांची जोडशब्दांची बोलणी; ती योग्य जागी टाकता आली, की माणूस इंग्रजी बोलतो असंच वाटतं. रोज ते पाचसहा सांगून जायचे. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं. 'लुक डाऊन अपॉन' म्हणजे तुच्छ लेखणं. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं. बेबीनं विचारलं, की ठेवणं, वर आणि सोबत, ह्या तिघांचं मिळून सहन करणं कसं झालं? मास्तर म्हणाले, असं विचारायचं नसतं, पाठ करायचं असतं.

तिनं पाठ केलं. कापूस वेचताना, दळताना, शेण काढताना. उषा मराठी सांगायची, बेबी इंग्रजी म्हणायची. उषा शेळीच्या गळ्यात हात टाकून म्हणायची, "एका दगडात दोन पक्षी," आणि बेबी शेणानं भरलेले हात तसेच धरून म्हणायची, "टू किल टू बर्ड्स विथ वन स्टोन." भिंतीपलीकडून मला हे दिवसभर ऐकू यायचं. सुरुवातीला वैताग आला, मग गंमत वाटायला लागली.

आणि एक झालं, जे कुणाच्या हिशेबात नव्हतं. पोरीला ते आवडायला लागलं. आजवर तिला जे जे शिकवलं होतं ते पाहुण्यांसमोर करून दाखवायला: भरतकाम, रांगोळी, मान खाली घालून चालणं. हेही त्यासाठीच होतं, पण हे तिनं स्वतःसाठी घेतलं. गल्लीत दोन बायका एकमेकींच्या घरातली लफडी काढून भांडत होत्या, तेव्हा ही दारात उभी राहून म्हणाली, "पॉट कॉलिंग द केटल ब्लॅक," आणि एकटीच हसत बसली. मी अर्थ विचारला, तर म्हणाली, "काकू, आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून." मास्तरांनी तिला ही जोडी सांगितली नव्हती, तिची तिनंच लावली होती. मी त्या पोरीला इतकं मोकळं हसताना तोवर पाहिलं नव्हतं. मला भारी आनंद झाला, आणि आता हिचं होणार असं मीही धरून चालले.

बघायला यायचा दिवस ठरला. कांताबाई, म्हणजे तिची आई, नेहमीप्रमाणे उषाला माझ्याकडे आणायला निघाली, तर बेबी आडवी आली. उषा समोर नसली तर मला आठवणार नाही म्हणाली. रोज तिच्या तोंडाकडे बघून म्हणायची सवय, तिचं तोंड दिसलं की वाक्य आपोआप येतं. कांताबाईनं रीत सांगितली, देवाची शपथ घातली. बेबी म्हणाली, तिला आतल्या दाराआड उभी करा, मला तेवढी दिसू द्या. शेवटी रामरावच म्हणाले, राहू द्या, एवढी मेहनत केलीय पोरीनं, एका गोष्टीवरून घोळ नको. त्या घरात बेबीचा हट्ट पुरवला गेल्याचं मला आठवतं ते हेच एकदा.

पाहुणे आले. मुलगा, त्याचा मामा आणि मुलाची आई गिरिजाबाई. मुलगा खाली बघून बसला. बोलायचं काम आईचं. मी बायकांत बसले होते. बेबी आली, पाटावर बसली. ठरल्याप्रमाणे बद्रीनाथ मास्तरांनी प्रश्न टाकले आणि ती उत्तरं देत गेली. आवाज आधी कापत होता, मग ठरला. म्हणीमागून म्हण, जोडशब्दामागून जोडशब्द, आणि प्रत्येकाचा अर्थ मराठीत. मामा तर तोंड उघडं टाकून ऐकत होता. मुलानं एकदा मान वर केली. मास्तर असे बघत होते, जणू त्यांनीच तिला जन्म दिला होता.

मग एका ठिकाणी ती अडली. साधंच होतं, 'गिव्ह इन', म्हणजे नमतं घेणं, रोजचं. तिनं आतल्या दाराकडे पाहिलं. दाराआडून उषानं ओठ हलवले. बेबीला ते दिसलं, ती बोलली, आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण गिरिजाबाईंची नजर बेबीच्या नजरेमागून दारापर्यंत गेली होती.

"आत कोण हाय?" त्या म्हणाल्या.

कांताबाईनं शेजारची पोर आहे असं सांगून पाहिलं. गिरिजाबाईंनी तिला बाहेर बोलवायला लावलं. उषा आली, पदर सारखा करत उभी राहिली. गिरिजाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. मुलाची मान आता वरच होती.

बैठकीतच सगळं झालं, दोन्ही पोरींसमोर. गिरिजाबाई वाईट बाई नव्हत्या असं लोक अजून म्हणतात. बाजारात भाजी निवडावी तितक्या सहज त्या बोलल्या.

"थोरलीचं बोलणं चांगलं हाय, धाकटीचं रूप चांगलं हाय. आम्हाला धाकटी पसंत हाय. लग्नापतोर थोरलीनं तिला ते इंग्रजी शिकवावं, म्हंजी दोन्ही बी होतंय बराबर."

बेबी पाटावरच होती. ऊठ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती उठली नाही.

रामराव म्हणाले, "शिकवंल की. बिलकुल शिकवंल."

तिला न विचारता म्हणाले. मी तिथेच बसून ऐकलं, आणि त्या माणसाचं तोंड पुन्हा बघू नये असं मला वाटलं. पण शेजार आहे, रोज बघावं लागतं. मास्तरांनी दुसऱ्यांदा सुशीला वाढून घेतला आणि म्हणाले, चला, विद्या घरातल्या घरातच राहिली.

दोन दिवस बेबी जेवली नाही. तिसऱ्या दिवशी कांताबाई तिच्यापुढे बसून रडली. म्हणाली, तुझं तर होईना, तिचं तरी मोडू नको. मग भिंतीपलीकडून पुन्हा आवाज यायला लागले. आता बेबी मराठी सांगायची आणि उषा इंग्रजी म्हणायची. उषा चुकायची, कंटाळायची, मधेच चोळीचं कापड कोणतं घ्यावं ते विचारायची. बेबी पुन्हा पहिल्यापासून सांगायची. मला वाटायचं, हिनं मुद्दाम काहीतरी उलटसुलट शिकवावं, त्या टेंभुर्णीकरांची फजिती व्हावी. मी तिला तसं सुचवलंही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही. तिनं खरं तेच शिकवलं.

कुंकू लावायला आल्या तेव्हा गिरिजाबाईंनी उषाची दोनचार वाक्यं ऐकली आणि समाधान पावल्या. जाताना कांताबाईला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, की मांडवात थोरलीला फार पुढं करू नका, लोक विचारतात हिचं का राहिलं. म्हणून लग्नाच्या दिवशी बेबी माझ्या घरी बसली. मी तिच्यासाठी मांडवातून ताट आणलं. अक्षता पडल्याचा गलका ऐकू आला तेव्हा ती शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली नाही.

उषा पहिल्या पंचमीला माहेरी आली. ओट्यावर आम्ही बायका मेंदी लावत बसलो होतो, बेबी पाट्यावर मेंदी वाटत होती. उषा अंगानं भरली होती, हातात नव्या बांगड्या. कुणीतरी विचारलं, साहेबांच्या बायकांशी इंग्रजी बोलतेस ना गं?

उषा हसली. साहेब एकदा आला होता म्हणे, तोही आपल्या परभणीकडचाच, पाणी पिऊन गेला. बायका कुणी येत नाहीत. सासूनं आजवर एकदाही विचारलं नाही, नवऱ्याला तर ते काही आठवतही नाही. "मी तर समदं इसरले बाई," ती म्हणाली. "फुकट डोक्याला ताप झाल्ता."

तिच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि तेच वाईट होतं. बेबी पाट्यावरून उठली आणि तिनं उषाच्या थोबाडीत मारली. हिरव्या मेंदीची पाचही बोटं त्या गोऱ्या गालावर उमटली. कुणी काही बोलायच्या आत कांताबाई धावत आली आणि तिनं बेबीला केसांना धरून आत नेलं. आतून मारल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. माझ्या हातातली मेंदी वाळून गेली.

त्याच महिन्यात कुंभार पिंपळगावच्या एका बिजवराचं बोलणं चाललं होतं, दोन पोरांचा बाप. त्यानं निरोप पाठवला, की सवाष्ण बहिणीवर सणाच्या दिवशी हात टाकणारी पोरगी माझ्या लेकरांवर नको. गावाला हे फार सोयीचं झालं. तोवर थोरलीचं का राहिलं ह्याला रंगाखेरीज कारण नव्हतं, आणि तोंडावर काळी म्हणणाऱ्यांनाही ते कारण सांगताना थोडं तरी खाली बघावं लागायचं. आता ताठ मानेनं सांगायला लागले, पोरगीच तापट. रामरावांनी त्यानंतर स्थळं बघायची बंद केली. धाकटीला शिकवून झालं होतं. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय म्हणायचं?

बऱ्याच दिवसांनी ती माझ्याकडे दळण घेऊन आली होती. मी विचारलं, का गं मारलंस तिला, ती विसरली म्हणून?

बेबी दळण पाखडत राहिली. मग म्हणाली, "न्हाई काकू. मला आजून समदं पाठ हाय, म्हणून."