चिंचखेडे, रायपूर

दादा गेल्याची बातमी आधी दुसऱ्या घरी गेली. मी सकाळीच दवाखान्यातून घरी आले होते, त्यांच्यासाठी पेज शिजत ठेवली होती, तेवढ्यात फाटक वाजलं. बाहेर सुधाकरराव उभे होते, माझ्या मुलीचे सासरे. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, मोबाइल हातात तसाच. "ताई, फोन माह्याकडे आला," एवढंच म्हणाले. दवाखान्यातल्या मुलीला चिंचखेडे नावाचा जो पहिला नंबर सापडला, तो तिने लावला होता. मी गॅस बंद केला आणि तिथेच पाटावर बसले. खरं सांगते, पहिल्यांदा रडू आलं नाही. मनात आलं की आमच्या घरची बातमी आधी त्यांच्या घरी गेली म्हणून एके काळी दादांनी दवाखाना डोक्यावर घेतला असता. आता काय म्हणाले असते... ते मला त्या सकाळी सांगता आलं नसतं. ते कळायला आणखी काही आठवडे जावे लागले.

दादा म्हणजे माझे भासरे, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. प्राची लहान असतानाच माझा नवरा गेला. दादांनी स्वतः लग्न केलं नव्हतं. रेल्वेच्या ऑफिसातून यायचे, सायकल ओट्याला टेकवायचे आणि प्राचीचा अभ्यास घ्यायला बसायचे. मी अभनपूरच्या शाळेत शिकवायला जात होते ती त्यांच्या भरवशावर. केलेले उपकार त्यांनी कधी बोलून दाखवले नाहीत, आणि म्हणूनच माझं तोंड त्यांच्यापुढे उघडत नसे. माणूस मात्र महाहट्टी. दुसऱ्याच्या भांड्यातून पाणी प्यायचे नाहीत. प्रवासाला, लग्नाला, कुठेही निघाले की पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला असायचाच. त्यावर त्यांच्या वडिलांनी नागपूरला नाव घालून घेतलं होतं, नुसतं 'चिंचखेडे'. नाव कोरणाऱ्याची सुई शेवटी घसरली आणि एक जादा टिंब उमटलं. त्या टिंबावर अंगठा फिरवत दादा म्हणायचे, पंगतीतले शंभर पेले समोर ठेवा, डोळे बांधून माझा काढून दाखवतो. एका लग्नात पंगतीतल्या लोकांनी खरंच डोळ्यांवर उपरणं बांधलं आणि यांनी खरंच काढून दाखवला. तो पेला ते स्वतः विसळायचे आणि माठाजवळच्या कोनाड्यात स्वतःच पालथा घालायचे. मी त्याला कधी हात लावला नाही.

पण दादांचं खरं वेड आडनावाचं. ज्या गावी जायचे तिथल्या टेलिफोनच्या पुस्तकात आधी चिंचखेडे शोधायचे. नागपुरात थोडे, जबलपूर-भोपाळला एखाददुसरा, रायपुरात फक्त आम्ही. 'चिंचखेडे, रायपूर' एवढ्या पत्त्यावर आम्हाला पत्र पोचायचं आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान! त्यांचं म्हणणं असं की महाराष्ट्रात चिंचखेड नावाची गावं ढिगाने असतील, पण आडनाव निघालं ते वर्धेकडच्या एकाच चिंचखेडातून, एकाच मूळ पुरुषापासून. जगात कुठेही चिंचखेडे भेटला तर तो आपला भाऊ, एकच रक्त. घरात कोणी वाद घातला नाही. गावात दुसरा चिंचखेडेच नसताना सगळ्यांना भाऊ म्हणायला काय जातं?

मग छत्तीसगडचं नवं राज्य झालं. रायपूर राजधानी झाली, भोपाळहून ऑफिसं हलली, ऑफिसांबरोबर माणसं आली. शंकर नगरात बंगल्यांवर पाट्या चढल्या, भाड्याची घरं मिळेनाशी झाली. आणि एक दिवस पोस्टमन आमच्याकडे एक पत्र टाकून गेला, ते आमचं नव्हतं. सुधाकर चिंचखेडे, शंकर नगर. दादांचा आनंद काय सांगू! संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेतला, मलाही चल म्हणाले. दोन-तीन गल्ल्या मागे घर होतं. दारातूनच, "भाऊ आला म्हणा, भाऊ!" म्हणत आत शिरले. सुधाकररावांनी हसून हात जोडले, "जयभीम, या ना." समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्यापुढे मेणबत्ती.

दादा खुर्चीच्या कडेवर बसले. पेढ्यांचा पुडा मांडीवरच राहिला. सुधाकररावांच्या पत्नी, कुसुमताई, ताटलीत दोन पेले पाणी घेऊन आल्या. दोन्हींवर 'चिंचखेडे' कोरलेलं, यंत्राने कोरतात तशा उभ्या सरळ अक्षरांत. दादांनी ते वाचलं, मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. "आत्ताच पिऊन आलो," ते म्हणाले. कुसुमताईंनी ताटली हलवली नाही. मी माझा पेला उचलला, सगळं पाणी प्यायले आणि तो खाली ठेवला. त्याचा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटला. निघताना मी दादांच्या हातून पुडा घेऊन टेबलावर ठेवला. 'आपलं एकच रक्त' हे वाक्य त्यांच्या तोंडी पुढे कितीतरी दिवस आलं नाही.

पत्रांची अदलाबदल मात्र चालूच राहिली. दादा त्यांची पत्रं पोस्टमनला परत करायचे. प्राची म्हणायची, दोन गल्ल्यांसाठी पोस्टमन कशाला, आणि स्वतः देऊन यायची. तिकडून आमची पत्रं घेऊन त्यांचा मुलगा अमित यायचा. तो उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. शिफ्टहून यायचा तेव्हा भुवयांवरसुद्धा धूळ असायची. पत्रं किती, फेऱ्या किती, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. जिला कळायला हवं तिलाच सगळ्यात शेवटी कळतं. प्राचीने मला सांगितलं तेव्हा विचारायचं काही उरलंच नव्हतं, तिचं ठरलेलं होतं.

सुधाकरराव रीतसर लग्नाचं बोलायला आले. दादा ओट्यावर बसून होते, मी दारात उभी. दादांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले की हे होऊ शकत नाही. चिंचखेडे सगळे एका रक्ताचे. पोरगा-पोरगी नात्याने भाऊ-बहीण लागतात. इतक्या दिवसांनी ते वाक्य बाहेर आलं ते असं. सुधाकररावांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "दादा, आजवर लोकायनं आमाले परके म्हणून 'नाही' म्हटलं. आपले म्हणून 'नाही' म्हणणारे तुमीच पहिले."

दादा कात्रीत सापडले होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रक्त एक म्हणावं तर ज्या घरचं पाणी घेतलं नाही ते घर आपलंच ठरतं, आणि वेगळं म्हणावं तर नकाराचं कारण जातं, खरं कारण उघडं पडतं. प्राचीने तिच्या सवयीप्रमाणे हिंदीतच विचारलं, "मोठे बाबा, एक बार पक्का बता दो. भाई है कि पराया है? जो बोलोगे, मान लूंगी." ती खरंच मानणार होती, मी तिला ओळखते. ज्यांनी वाढवलं त्यांच्या एका शब्दावर तिने सगळं ठेवलं होतं. दादा म्हणाले, गावाला जाऊन येतो. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, तूही चल.

वर्धेहून एसटीने आम्ही चिंचखेडला गेलो. दादाही पहिल्यांदाच जात होते. एवढा अभिमान बाळगला, पण गाव पाहिलं नव्हतं. पारावर एक म्हातारबाबा बसले होते. दादांनी वाकून विचारलं, इथे चिंचखेड्यांची घरं कोणती? म्हातारबाबांना हसू आलं. "इथं चिंचखेडे कोणीच नाही जी. गावात राहते त्याले गावाचं नाव काहून लागन? जो गाव सोडून जाते, त्याले तिकडचे लोक गावाच्या नावानं बलावते." मग आठवून आठवून सांगितलं. दादांचे आजोबा वरच्या आळीतले. नाल्यापलीकडच्या वस्तीतला एक जण, म्हणजे सुधाकररावांचे आजोबा, त्यांच्या बरोबरच रेल्वेच्या कामावर गेला होता. इथे दोघांची आडनावं वेगळी होती, तिकडे दोघेही चिंचखेडे झाले. दादांनी विचारलं, रक्ताचा काही संबंध? "रक्ताचा कायचा संबंध? इहिरीसुद्धा येगळ्या होत्या."

मी दादांकडे पाहिलं. ज्या नावासाठी गावोगावची टेलिफोनची पुस्तकं चाळली, ते नाव मूळ गावात एकालाही नव्हतं. ते पाराच्या कडेला बसले, पिशवीतून पेला काढला, हापशावर भरून आणला आणि हातात धरून ठेवला. पाणी प्यायचं विसरले बहुधा. मला त्यांची दया आली, आणि त्यापेक्षा जास्त भीती वाटली. कारण आता सगळं त्यांच्यावर होतं आणि साक्षीला एकटी मी.

परतीच्या गाडीत गोंदिया गेल्यावर ते बोलले. "सुनंदा, तिथं जे आईकलं ते तिथंच राहू दे. घरी सांगू, एकच भावकी निघाली." मी त्या घरात आल्यापासून त्यांना उलट बोलले नव्हते. हात पदरात गुंडाळून घेतला होता. म्हटलं, "दादा, तुमाले जे सांगायचं ते तुमी सांगा. पण प्राचीनं मले विचारलं, तं मी खरं सांगन." त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. डोंगरगड गेलं, दुर्ग गेलं, रायपूर आलं, तरी वळवलेलंच. घरी आल्यावर जेवायला बसले नाहीत. प्राची माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी म्हटलं, रविवारी सगळ्यांसमोर सांगतील. आणि काय सांगतील ते मलाही माहीत नव्हतं. तसा आठवडा शत्रूवरही येऊ नये.

रविवारी तिघेही आले. कुसुमताई दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, उठून जायला सोपं पडेल अशा. मी पाणी आणलं, चहा आणला, कोणी हात लावला नाही. दादा आतून आले, बसले, जमिनीकडे पाहून बोलू लागले. "गावाले जाऊन आलो. आपण भाऊबंद नाही. गावात चिंचखेडेच कोणी नाही. तुमचा आजा अन् माहा आजा, गाव सोडलं म्हणून चिंचखेडे झाले." अमितने मान वर करून पाहिलं. मग दादा म्हणाले, "आता नाही म्हणासाठी एकच कारण उरलं. अन् ते माह्या तोंडातून निघून नाही राहिलं."

"काढूही नका," सुधाकरराव हळूच म्हणाले. पण कुसुमताईंचं तेवढ्यावर भागणार नव्हतं. "मंग हो समजायचं का?" त्यांनी सरळ विचारलं. जन्मभर वर्धा-नागपूरच्या बोलीचा तोरा मिरवणारे दादा त्या क्षणी रायपूरचं बोलले. "हव."

लग्न साधंच झालं. कागदोपत्री प्राचीचं काही बदलावं लागलं नाही, चिंचखेडेची चिंचखेडेच राहिली. मी मात्र मनात धरून होते एक गोष्ट. दादांनी हो म्हटलं, अक्षता टाकल्या, पण व्याह्यांच्या घरचं पाणी काही घेतलं नाही. लग्नानंतर एकदा एकटेच जाऊन आले. कसं झालं विचारलं तर म्हणाले, झालं. पुढे सुधाकररावांना इकडे बोलवायचे, दोघे ओट्यावर तासन्‌तास बसायचे, पण तिकडे जायचं निघालं की गुडघे दुखायचे. मी काय ते समजले. म्हटलं, एवढं केलं हेच खूप, म्हातारं झाड किती वाकणार. आणि आतून मला त्याचा राग होता, तो त्यांच्या शेवटच्या दिवसांतही गेला नव्हता.

परवा कुसुमताई आल्या. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. स्वयंपाकघरात येऊन समोर ठेवलं. पेला होता. मी अंगठा फिरवला, शेवटी जादा टिंब.

"लग्नानंतर आले होते ना एकटे," त्या सांगू लागल्या. "व्याही म्हणून पहिल्यांदा आले, अन् पिशवीतून सोताचा गिलास काढून समोर ठेवला. मले लय लागलं. मी आमच्या गिलासात पानी ठेवलं अन् आत गेली ते बाहेर आलीच नाही. ते गेल्यावर पाहते तं त्यायचा तिथंच, आमचा नाही. म्हटलं, एकच नाव, चुकून नेला असन. समजन तवा फेकून देतील, आपला न्याले येतील. नाही आले. मंग मी बी नाही देला."

मी कोनाड्याकडे वळले. दादांना घाईघाईत दवाखान्यात नेलं तेव्हापासून त्यांचा पेला तिथे पालथा होता, कोणी हात लावला नव्हता. मी तो उचलला. उभी सरळ अक्षरं, टिंब नाही, काठाला एक पोचा. कुसुमताईंनी तो माझ्या हातातून घेतला आणि पोच्यावर बोट ठेवलं. "हा माहा. माह्या हातून पडला होता." मग मला विचारल्यासारखं, "चुकूनच नेला असन ना?"

मी त्यांना उपरणं बांधलेली ती पंगत सांगितली. डोळे बांधून शंभरातून आपला काढणारा माणूस. तो चुकेल?

वर्षानुवर्षं, माझ्या डोळ्यांदेखत, रोज सकाळी उठून पहिलं पाणी ते त्या पेल्यातून पीत होते. मला आधी रागच आला. एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? ही बाई इतकी वर्षं तिकडे जळली, मी इकडे. मग जे रडू त्या सकाळी आलं नव्हतं ते आलं. कुसुमताई उभ्याच होत्या. त्यांनी मला रडू दिलं, माठातून दोन्ही पेले भरले, एक मला दिला, एक स्वतः घेतला. कोणता कोणाकडे आला ते मी पाहिलं नाही.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी दोन्ही विसळले. पोचा असलेला कोनाड्यात पालथा घातला, टिंबाचा परत कागदात गुंडाळून पिशवीत टाकला आणि घरी घेऊन गेल्या.