आत्याच्या मोबाईलआधी

नाना गेले त्या सकाळी मला रडायला सुचलंच नाही. मला धास्ती होती ती आत्याच्या मोबाईलची.

आज वर्ष झालं. फॅमिली ग्रुपवर पहाटेपासून हात जोडलेले इमोजी पडताहेत. माझ्याच्यानं एकही टाकवला नाही, म्हणून इथे लिहितोय.

नाना म्हणजे माझे वडील. मखमलाबादला आमची फुलशेती, शेवंती आणि झेंडू.
आत्या त्यांची एकुलती एक बहीण. नांदगावला असते. बायपास झालेली.

आमच्याकडे मरणाची बातमी माणूस जाऊन सांगायचा. फोन आले, लोकांनी ते सोडलं. नानांनी नाही सोडलं.
"समोर बसून सांगावं रे. फोनवर ऐकणारा माणूस एकटा पडतो," म्हणायचे.

म्हणून दादा, माझा थोरला भाऊ, हॉस्पिटलात नानांजवळ थांबला आणि मी गाडी काढली. आत्याला सांगायचं, आणि भावाचं शेवटचं तोंड बघायला घेऊन यायचं.

पिंपळगावच्या अलीकडेच बायकोचा फोन.
"अहो, पप्पूभावजींनी ग्रुपवर बॅनर टाकलाय!"

पप्पू माझा चुलतभाऊ. नानांवर जीव होता त्याचा, त्यात वाद नाही. पण नानांना अजून वॉर्डातून खाली आणलं नव्हतं, आणि याचा बॅनर तयार! दादाच्या लग्नातला फेटेवाला, हसरा फोटो. कोपऱ्यांत फुलं. खाली अंत्ययात्रेची वेळ, आणि त्याखाली पप्पूचं मित्रमंडळ.

त्या ग्रुपवर आत्याही आहे.

गाडी बाजूला घेतली, पप्पूला फोन करून नाही नाही ते बोललो. बिचाऱ्यानं डिलीट केलं.
झालं! आता सगळे विचारायला लागले, "काय डिलीट केलं रे?"
आणि तोवर लोकांनी ते स्टेटसला लावलेलं.

परत बायको. "आत्या ऑनलाइन दिसताहेत."
"मग फोन कर ना. बोलण्यात गुंतवून ठेव."
"काय बोलू? मला रडू येतंय हो."
तेही खरंच.
"थांबा... गेल्या. नाही, परत आल्या."

मनमाडच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलेला. आत्याची सून शाळेत शिकवते, ती फोन उचलेना. घरात म्हातारी एकटी. छातीत कळ आली तर? पाणी द्यायला तरी कोणी आहे का? नको नको ते मनात येत होतं.

पोचलो. आत्या ओट्यावर मेथी निवडत बसलेली. मोबाईल शेजारी पालथा.

"आलास? बस."

देवा, हिला कळलेलं नाही! मला केवढं हायसं वाटलं.

"पाणी देऊ?"
"नको आत्या."

ती माझ्याकडे बघत राहिली.
"शेजारच्या बाया आल्त्या. मोबाईल दाखवून रडत व्हत्या. हाकलल्या मी. म्हनलं, माझ्या भावाचं मला अजून कोनी सांगायला आलं नाय. मी कशापायी रडू?"

"आत्या..."

"त्या मोबाईलवर काय बी येतं. कारल्याचा रस प्या, शुगर जाती, ते बी त्याच्यावरच आलं व्हतं. लय दिस प्याले मी."

हात मेथीत चालूच. पण काड्या पाटीत जात होत्या आणि पानं खाली पडत होती.

"आता तू आलास. सांग."
"तुला कळलंय ना गं..."
"तोंडानं सांग."

सकाळपासून इतके फोन आले, सगळ्यांना मी नुसतं "हो, हो" म्हणत होतो. बाकीचं बॅनरनंच सांगून टाकलेलं. माझ्या तोंडून ते वाक्य अजून निघालंच नव्हतं.

"आत्या, नाना गेले."

मग ती रडली. असा टाहो फोडला की गल्ली गोळा झाली. मी तिला धरलं, तिनं मला. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मीही रडलो. एवढा घोडा झालोय, पण रडलो.

तेव्हापासून मला एक घोर लागलाय.
माझी लेक पुण्यात असते. कोणाची एंगेजमेंट, कोणाचा ॲक्सिडेंट, तिला सगळं स्टोरीवरच कळतं. माझंही तसंच कळेल का? बसस्टॉपवर उभी असेल, अंगठ्यानं स्क्रीन वर सरकवत असेल, आणि मध्येच मी येईन. फेटा बांधून, हसत.


हसू नका, पण दादाला आणि पप्पूला बजावून ठेवलंय. आधी गाडी काढायची, पुण्याला जायचं, तिच्याजवळ बसायचं. मग काय बॅनर लावायचे ते लावा.
पप्पू म्हणाला, "असलं अभद्र बोलू नको रे." पण मान हलवली त्यानं.

आत्या वर्षश्राद्धाला कालच आलीय, आत बसलीय. हे सगळं आता तिला वाचून दाखवतो. मोबाईलवरचं ती अजूनही खरं धरत नाही.

नाना, तुमची बातमी मी समोर बसून सांगितली.
फार आठवण येते. निवांत असा.