उशीतला कापूस

“पोरगी चांगली हाये वं, पण मले लाजते,” बाबा फोनवर आईला सांगत होते.

होडी नदी ओलांडत होती. मी दोन बाकं पुढे बसले होते. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू येणार नाही असं त्यांना वाटलं असावं. पण बाबा फोनवर बोलतात ते शेतातून हाक मारल्यासारखं. मी पाण्याकडे बघत राहिले.

मी बँकॉकला नोकरीला लागले त्याला वर्ष झालं होतं. बाबा दिग्रसहून पहिल्यांदाच आले होते. पांढरा सदरा, गळ्यात दुपट्टा. सकाळपासून मी त्यांच्या चार पावलं पुढे चालत होते. शाळेच्या पालकसभेलाही मी आईलाच यायला सांगायचे. 

नदीतल्या बेटावर गाड्या नव्हत्या. अरुंद वाटा, केळी, दारोदारी मातीची भांडी आणि कुंभारांची फिरती चाकं. आता मी त्यांच्या शेजारून चालत होते. “तसं नाही बाबा,” एवढंच म्हणायचं होतं. प्रत्येक वळणावर म्हणेन म्हणेन करत आख्खं बेट फिरून झालं. बाबा मात्र खुशीत होते. “आपल्या कुंभाराचं चाकही असंच फिरते,” ते म्हणाले. मी मान हलवली.

परत अलीकडे आलो तर धक्क्याजवळचा बाजार तुडुंब भरलेला. तळलेली केळी, सुकी मासळी, फुलं. मी वाट काढत पुढे गेले आणि मागून एका बाईचा चढा आवाज आला.

बाबा उश्यांच्या दुकानापुढे उभे होते. एका उशीची शिवण उसवली होती. त्यांनी आत बोटं घालून चिमूटभर कापूस काढला होता आणि दोन्ही हातांनी ओढून धागा किती लांब निघतो ते बघत होते. आमच्याकडे कापूस दिसला की कुणीही हेच करतं. भरलेल्या गाडीत हात घालायला कुणाची परवानगी लागत नाही.

“माय, फाडून नाही राह्यलो, पाहून राह्यलो,” बाबा त्या बाईला समजावत होते. तंतू पटकन तुटला. “हा तं सावरीचा कापूस!”

बाई उशी छातीशी धरून ओरडत होती. लोक थांबून बघू लागले. बाबांनी हात जोडले आणि गर्दीत मला शोधलं. मी दिसले, तशी त्यांनी नजर वळवली. जणू आम्ही ओळखीचे नव्हतो. माझी सोय बघत होते ते.

मी परत गेले. त्यांच्या दंडाला धरून उभी राहिले आणि त्या बाईशी इंग्रजीत बोलले. तिला निम्मंच कळलं असेल. तिने बाबांच्या हाताकडे पाहिलं, मग हसून उशी पुढे केली.

“काय सांगतलं तिले?” बाबांनी हळूच विचारलं.

घर सोडल्यापासून मी वऱ्हाडी बोलले नव्हते.

“सांगतलं, हे माहे बाबा हायेत. यायले कापूस हातात घेतला का समजते.”