मुकादमाचा फोटो

भद्रकालीतल्या जुन्या विडी कारखान्याचं आता हॉटेल होतंय. काळ्या दगडाच्या जाड भिंती, करवतीच्या दातांसारखं छप्पर, आणि काचा फक्त उत्तरेला, कारण थेट ऊन आलं की विडीचं पान वाळून फाटतं. मधोमध मुकादमाचा दगडी चौथरा. बायका खाली, तो वर. बांधणाऱ्यानं अशी काही करामत करून ठेवलेली की चौथऱ्यावर कुणी नुसतं खाकरलं तरी पार शेवटच्या भिंतीपाशी बसलेलीला ऐकू जायचं.

हे नवसाबाईइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या तरुणपणी गोटीराम मुकादम तिची विडी अंगठ्यानं दाबायचा, डोळ्यांपाशी न्यायचा आणि सगळा कारखाना ऐकेल असं सावकाश म्हणायचा, "छाट." छाट म्हणजे नापास, तंबाखू ढिली भरलेली विडी. तिची मजुरी नाही, आणि विडीही परत नाही. संध्याकाळी तीच विडी मुकादमाच्या ओठांत धुमसताना दिसायची. आता तिच्या बापानं याच गोटीरामाचं स्थळ परतवलं होतं, हे कशाला उगाळायचं. सगळ्या गल्लीला माहीत होतं.

यंदा मालकाचा नातू महेश म्हणाला, चौथऱ्यामागच्या भिंतीवर जुन्या माणसाचा एक फोटो लावू, पण कामगार बायका पसंत करतील तोच. भिंतीवर जायला माणसं सहसा मरेपर्यंत थांबतात. गोटीरामाला तेवढा दम कुठला. फेटा बांधून त्यानं फोटो काढून घेतला, वर इंदिरानगरला नवसाबाईच्या घरी पेढेही पोचवून आला.

पसंतीच्या दिवशी बायकांनी नवसाबाईलाच पुढे केलं. ती चौथरा चढली. गोटीराम खाली उभा. तिनं फोटोची कड अंगठ्यानं दाबली, फोटो डोळ्यांपाशी नेला, उलटा करून पाहिला.

"मिशा ढिल्या भरल्यात," ती सावकाश म्हणाली. "छाट."

शेवटच्या भिंतीपाशी फुलाबाई फिसकन हसली आणि ते हसू ओळीओळीनं पुढे सरकत आलं.

"नवसाबाई, माझ्या वयाकडं तरी बघा."

"बघितलं की. दुसरा काढून आणा, मुकादम. बघू."

त्यानं आणला. तोही छाट. तिसऱ्या खेपेला घरून कारखान्यात जायला निघताना तिची सून छाया कळवळून म्हणाली, "आई, सोडा ना आता. रडेल हो म्हातारा."

"रडेल?" नवसाबाईनं पदर सावरला. "मग रिक्षा बघ लवकर."