रिकाम्या पोटाची कॉफी

अनंतरावांचं सांबार अख्ख्या गोतावळ्यात नावाजलेलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तर त्यांनी चेन्नईतल्या मैलापूरच्या घराचं स्वयंपाकघरच बळकावलं होतं. घराणं मूळ तंजावरच्या मराठी लोकांचं, आणि त्यांच्या घरची रीत अशी की मुलीची सोयरीक ठरताना बापानं आपल्या हातानं सांबार करायचं आणि होणाऱ्या व्याह्यांच्या मांडीला मांडी लावून जेवायचं. दोघांनी सांबारभात खाल्ला की बोलणी पक्की.

आता त्यांच्या दिव्यश्रीची वेळ आली. रविवारी पाहुणे यायचे, आणि नेमकी अनंतरावांच्या छातीत जळजळ! हृदयाची तपासणी झाली होती, तिथं काही नव्हतं. पण चिंचेचा घास पोटात गेला की घशाशी यायचं. ताकभातावर दिवस काढणारा बाप त्या पंगतीत बसणार कसा? बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

नात्यातल्याच डॉक्टर चंद्रिकेनं पॅन्टोप्राझोलची गोळी दिली होती, सकाळी रिकाम्या पोटी घ्यायला. आठवडा उलटला तरी फरक नाही. त्यात जॉर्ज टाउनात मिरचीचा घाऊक व्यापार करणारे मेहुणे बालाजीराव मिशीवर ताव देत म्हणाले, "मी ती नवी गोळी घेतों, व्होनोप्राझान. पहिल्या दिवशींच गार!" हे मात्र अनंतरावांना जळजळीपेक्षा जास्त झोंबलं. तावातावानं त्यांनी दवाखाना गाठला.

"चंद्रिका, तुझी गोळी कामाची नाहीं, मा."

"घेतां केव्हां, काका?"

"उठलों, कॉफी प्यालों, पेपर वाचलों, मग गोळी. लगेच इडली."

"अय्यो! रिकाम्या पोटीं म्हणलें होतें कीं!"

"रिकामेंच कीं! कॉफी म्हणजे काय खाणें?"

चंद्रिकेनं कपाळाला हात लावला. ही गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी, खरोखर रिकाम्या पोटी घेतली तरच नीट लागू पडते, आणि पुरता गुण यायला काही दिवस जातात. नवीला खाण्याची अडचण नाही, आराम लवकर पडतो. पण पुढं महिनाभरात बहुतेकांना दोन्हींनी सारखंच बरं वाटतं. "बालाजीराव जिंकले नाहींत काका, नुसते आधीं पोंचले," असं म्हणत तिनं रविवारसाठी नवी लिहून दिली. अनंतरावांना ते वाक्य गोळीइतकंच लागू पडलं.

रविवारी ते निर्धास्त पानावर बसले. शेजारी मुलाचे वडील उदयसिंह, ओरगडमच्या मोटार कारखान्यातले साहेब, चेहरा करारी. सांबार वाढलं तसा त्यांचा हात छातीकडे गेला आणि ते पानाकडे नुसते बघत राहिले. दिव्यश्रीचा चेहरा पडला.

अनंतराव हळूच त्यांच्या कानाशी लागले. "जळजळ कीं? गोळी कॉफी झाल्यावर घेतां?"

"तुम्हाला कसें कळलें हो?"

अनंतरावांना असा काही आनंद झाला, जणू लहानपणचा सोबतीच भेटला. उदयसिंहांच्या भातावर चमचाभर सांबार ठेवून उरलेलं त्यांनी आपल्या पानात ओढलं. "तुमचा वाटा आज मी खातों. लग्नांत माझा तुम्ही खा."

उदयसिंहांनी त्या चमचाभर सांबारात भात कालवला, खाल्ला आणि बायकोकडे वळून म्हणाले, "तारीख पाहूं या."